पुढे जाऊन बघून येणारी माणसं

गेली काही वर्षं मी मुली बघत हिंडते. असं म्हटलं की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग विचारतात, "मुलगा काय करतो?" मला मुलगा नाही. मी हॉकी खेळणाऱ्या मुली बघते. लहान लहान गावांतल्या मैदानांच्या कडेला उभी राहते, खेळ संपेपर्यंत कुणाशी बोलत नाही, आणि परत येऊन निवड करणाऱ्यांना सांगते की अमुक मुलगी बघण्यासारखी आहे. या कामाला स्काउट म्हणतात. हल्लीच्या पोरांना वाटतं, हा शब्द खेळाच्या वाहिन्यांवरून आला. माझ्यापुरता तो झाशीतल्या आमच्या प्रेमनगरच्या घरातून आलाय, आणि तोही एका वाटेने नाही.

पहिली वाट बाबांची. बाबा फौजेत होते, रणगाड्यांच्या पलटणीत. पण रणगाड्यात नाही, रणगाड्यांच्या पुढे जाणाऱ्या जीपमध्ये. पुढचा नाला ओलांडता येईल का, पूल वजन पेलेल का, झाडीमागे कुणी आहे का, हे बघून यायचं आणि मागच्यांना सांगायचं. फौजेत त्याला रेकी म्हणत, पण बाबा स्वतःला स्काउटच म्हणवून घेत. "रेकीवाल्याने लढायचं नसतं," ते सांगत. "बघायचं आणि परत यायचं. परत नाही आला तर त्याने काय बघितलं, कुणाला ठाऊक?" पेन्शनीत निघाल्यावर ते सिविल लाइन्समधल्या एका कचेरीत कारकून झाले, पण सवय गेली नाही. बाजारातून कोथिंबीर घेऊन आलं तरी खुर्चीवरून प्रश्न यायचा, "हां, काय दिसलं?" आणि आपण सांगायला लागलो की बोट वर करायचे. दिसलं ते आधी, वाटलं ते मागाहून. दोन्हींची खिचडी केलेली त्यांना बिलकुल खपत नसे.

दुसरी वाट शाळेची. मी गाइड होते. मुलांचे स्काउट आणि मुलींच्या गाइड, पण आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना सरसकट स्काउटच म्हणत. आमच्याकडच्या जुन्या मराठी पुस्तकात त्यांना बालवीर आणि वीरबाला म्हटलं होतं, ते वाचून मी फार फुगले होते. प्रत्यक्षात वीरबालेला दोरीच्या गाठी मारायच्या असत, आणि खडे मांडून मागून येणाऱ्यांसाठी बाणाच्या खुणा करायच्या असत. हात मिळवायचा तो डाव्या हाताने, अशी तिथली रीत. ती मी पहिल्याच दिवशी आत्यावर आजमावली. आत्याने माझा डावा हात धरून मला मोरीपर्यंत नेलं आणि तो राखेने घासून धुतला.

तिसरी वाट ही आत्याचीच. तिने स्काउट हा शब्द कधी उच्चारला असेल असं वाटत नाही. पण आमच्या घरातली खरी स्काउट तीच होती.

झाशीत मराठी घरं मोजकी. आमच्यासारखी कुणी पूर्वी कधी कारकुनी-भिक्षुकीला येऊन इथलीच झालेली, कुणी फौजेमुळे आलेली आणि बदली झाली की जाणारी. एकमेकांत सोयरीक करून किती करणार? त्यामुळे स्थळं बघायची ती ग्वाल्हेर, सागर, इंदूर इकडची. मुलीकडची माणसं रीतसर जाण्याआधी कुणी तरी गुपचूप पुढे जाऊन घर बघून यावं, अशी आमच्याकडे पद्धत होती, आणि हे काम सगळ्यांनी मिळून आत्याच्या गळ्यात घातलं होतं. ती बाबांची थोरली बहीण, विधवा, आमच्याकडेच राहायची. कुणाच्या तरी उद्यापनाचा प्रसाद द्यायच्या निमित्ताने ती त्या घरी जायची. पाणी मागायची. फुलपात्र पुसून येतं की ओलं येतं ते बघायची. घरात आधीची सून असेल तर तिच्याशी बोलायची नाही, नुसतं तिच्या तोंडाकडे बघायची. आणि पाय धुवायचे म्हणून मागे जाऊन न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का ते बघितल्याशिवाय परत यायची नाही.

कडीचं मला कळायचं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "अगं, परक्या घरात बाईला रडायला एक तरी दार आतून लावता आलं पाहिजे."

तिचं स्वतःचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं. तिच्या वेळीही घर बघायला एक नातेवाईक पुढे गेले होते. ते तिकडे दोन दिवस राहिले, पुरणपोळी जेवले आणि परत येऊन म्हणाले, उत्तम स्थळ आहे. मुलगा खोकत होता हे त्यांना दिसलं होतं. त्यांना वाटलं, हवा बदलली की जाईल. आत्या दोन वर्षांत परत आली. हे सगळं मला आईने सांगितलं. आत्याने स्वतः कधी तक्रार केली नाही, ती फक्त दुसऱ्यांच्या मुलींसाठी घरं बघत राहिली. तिने नको म्हटलेल्या स्थळावर पुन्हा कुणी चर्चा करत नसे.

आणि मी हॉकी खेळत असे. झाशीत हे काही आक्रीत नव्हतं, इथे गल्लीतली पोरं झाडाच्या वाकड्या फांदीनेसुद्धा चेंडू हाणतात. पण मुलगी, मराठी घरातली, स्कर्ट घालून, सतराव्या वर्षी, याला आत्याचा विरोध होता. बाबांचा नव्हता, म्हणून चाललं होतं. मला लखनौच्या वसतिगृहात जायचं होतं. तिथे खेळाडू मुलींना ठेवून घेत, शिकवत आणि पोटभर खेळवत. पण तिथे अर्ज करून जागा मिळत नसे. त्यांचं माणूस येऊन मुलगी हेरून जाई. ते कधी येई, कुणाला सांगून येत नसे. मी प्रत्येक सामना कुणीतरी बघतंय असं समजून खेळायची आणि घरी येऊन गुडघ्यांना हळद लावायची.

थंडीचे दिवस होते. दुपारी आत्या ओसरीच्या उन्हात तांदूळ निवडत बसली होती. बाबा कचेरीत होते. फाटकाशी एक उंच बाई आली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आत येऊ का?"

प्रेमनगरात दारात अनोळखी बाईने मराठी बोलावं याचा आमच्याकडे एकच अर्थ होता. आत्याने सूप खाली ठेवलं.

"या की," ती म्हणाली. "कुठून आलात?"

"मूळची नागपूरची. आता लखनौला असते. तुमच्या मुलीला मी परवा मैदानावर बघितलं. म्हटलं, घरही बघून जावं."

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाकडच्या बाईने मुलीला बघितलं ते नेमकं मैदानावर, आणि स्कर्टात! ती आत आली, आईला म्हणाली, "वहिनी, चाय नको, कॉफी कर," आणि मला, "साडी नेस. गुडघे झाकतील अशी." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने आईची निळी साडी माझ्या अंगावर टाकलीसुद्धा. दाराशी माझी स्टिक उभी होती. बाईंची नजर तिच्यावर गेलीच.

"ही कुणाची?"

"गाई फार येतात हो इकडे," आत्या म्हणाली, आणि खरंच स्टिक उचलून, फाटकाशी नसलेल्या गाईला हाकून आली.

मग मला समोर बसवलं. मीही आत्याच्याच घरची, मलाही दुसरं काही सुचलं नाही. मला वाटलं, झालं, आता लग्न लावून देतायत आपलं. मी ठरवलं की मान वर करायची नाही, तोंड उघडायचं नाही, म्हणजे बाई समजेल की मुलगी खुळी आहे आणि निघून जाईल.

"जेवण कसं आहे हिचं?" बाईंनी विचारलं.

"चिमणीसारखं," आत्या म्हणाली. "अर्धी पोळी खाल्ली तर पुष्कळ."

"दूध?"

"वासच सोसत नाही."

"घराबाहेर राहायची सवय आहे?"

"छे हो! उंबरठ्याबाहेर पाऊल नाही."

बाईंचा चेहरा उतरत चालला होता. आत्याला वाटलं, आणखी गुण सांगायला हवेत. ती म्हणाली की मुलगी मोठ्याने हसत नाही, सावकाश चालते, थंडी सोसत नाही म्हणून घरातच बसते. बाईंनी माझे पाय बघितले, पंजे बघितले, मनगट हातात घेऊन वळवून बघितलं. शेवटी माझ्याकडेच वळून त्यांनी विचारलं, "आणि हॉकी?"

मी जमिनीकडे बघत राहिले. आत्याने उत्तर दिलं, "ते शाळेतलं खूळ होतं. परवाचं शेवटचं. सोडलं आता तिने."

"सोडलं?" बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग उठल्या. "बरं. घरच्यांची इच्छा नसेल तर काय बोलायचं. उद्या सकाळच्या बसने चिरगावला जातेय, तिथेही एक मुलगी बघायची आहे."

त्या गेल्यावर आत्या किती तरी वेळ धुसफुसत होती. "बघितलंस वहिनी? एका खेपेत दोन दोन मुली! बाजारात भाजी घेतात तसं!"

संध्याकाळी बाबा आले. बूट काढता काढता त्यांनी विचारलं, "काय दिसलं?" आत्याने सांगायला सुरुवात केली, "ताठ्याची बाई होती, पसंत पडली नाही वाटतं..." बाबांचं बोट वर झालं.

"ताई, वाटलं ते मागाहून."

मग आम्ही तिघींनी दिसलं ते सांगितलं. आईने सांगितलं की बाईंनी साडीखाली कॅनव्हासचे बूट घातले होते. मी सांगितलं की त्यांचे हात कोपरापर्यंत रापलेले होते आणि घड्याळाखालचा पट्टा गोरा होता, त्यांनी माझं मनगट वळवून बघितलं, तोंडाकडे मात्र शेवटपर्यंत नीट बघितलं नाही. आत्या म्हणाली, पाणी मागितलं, पण फुलपात्राकडे बघितलंच नाही.

"पत्रिका मागितली?"

"नाही."

"गोत्र विचारलं?"

आत्याने मानेनेच नाही म्हटलं. आयुष्यभर जिने दुसऱ्यांची घरं वाचली, तिला स्वतःच्या ओसरीवरची बाई वाचता आली नव्हती. मला तेव्हा कळलं की लखनौची बाई आली होती आणि गेली. मी आत्याच्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण आईने मला दंडाला धरून आत नेलं, एवढं आठवतं. आत्या त्या संध्याकाळी जेवली नाही. तांदळाचं सूप तसंच ओसरीवर पडून होतं.

मी पुष्कळदा विचार केलाय की हेर आणि स्काउट यांत फरक काय. जुन्या बखरींत नजरबाज असा एक सुंदर शब्द आहे, तो दोघांनाही चालतो. दोघंही लपूनछपून बघतात. पण हेराला दुसऱ्याचं काहीतरी काढून न्यायचं असतं. स्काउटच्या मागून त्याचीच माणसं येत असतात. त्याने नाला उथळ आहे म्हणून सांगितलं की ती विश्वासाने पाण्यात उतरतात. म्हणून त्याचं खोटं सर्वांत वाईट, आणि त्याने मनात धरून ठेवलेली समजूत खोट्याहूनही वाईट. आत्याला हे त्या संध्याकाळी माझ्यापेक्षा जास्त कळलं असणार, कारण त्या पाण्यात ती स्वतः बुडाली होती.

सकाळी मी उठले तेव्हा ती अंघोळ करून, शाल पांघरून दारात उभी होती. हातात माझी स्टिक.

"चल," म्हणाली. "बस सुटेल."

बाबा सायकलवर पुढे, आम्ही दोघी रिक्षात. बस-अड्ड्यावर धुकं होतं आणि कंडक्टर "चिरगाँव, मोंठ, उरई" ओरडत होता. बाई खिडकीशी बसल्या होत्या. आत्या भरलेल्या बसमध्ये चढली, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने मराठीत म्हणाली, "मी काल खोटं सांगितलं."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

"तुम्ही मुलाकडच्या आहात असं मला वाटलं. ही मुलगी चार पोळ्या खाते. दूध चोरून पिते. हसते तर शेजारच्या घरी ऐकू जातं. घरात पाय ठरत नाही तिचा. स्वयंपाक अजिबात येत नाही, ते मी कालही सांगितलं नाही, आज सांगते."

"आणि हॉकी?" बाईंनी विचारलं. त्यांच्या ओठांच्या कडा हलत होत्या.

"हॉकीतलं मला काही कळत नाही," आत्या म्हणाली. "पण मी लपून बघितलंय. मैदानामागच्या कडुनिंबाखाली उभी राहून. पोरीकडे कोण बघतं ते बघायला जायची मी. ही पडते, आणि कुणी उचलायला येतंय का ते न बघता उठते. एवढं मला दिसलं."

मी खाली, बसच्या दाराशी उभी होते. ती मैदानामागे येत होती हे मला माहीत नव्हतं. माझा कालचा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला.

"तुम्ही काल सरळ का सांगितलं नाहीत?" आत्याने त्यांनाच विचारलं.

"मी कधीच सांगत नाही," बाई म्हणाल्या. "सांगितलं की लोक घर सजवून दाखवतात. मला ते जसं आहे तसं बघायचं असतं."

आत्याने मान हलवली. हे तिला पटलं. तीही तसंच करायची.

"अम्मा, चलने होय तौ बैठ जाओ, नईं तौ उतर जाओ!" कंडक्टर दारातून ओरडला.

"रुको भैया," आत्या त्याला म्हणाली.

"मग पाठवाल तिला लखनौला?" बाईंनी विचारलं. "जागा आहे. पण घरची माणसं मध्येच परत नेतात, म्हणून विचारते."

मला वाटलं, आता ती हो म्हणेल. आत्याने विचारलं, "तिथल्या न्हाणीघराला आतून कडी आहे का?"

बाई म्हणाल्या, "खरं सांगू? मी कधी बघितलं नाही."

"मग मी बघून येते," आत्या म्हणाली आणि बसमधून उतरली.

आणि खरंच ती बाबांना घेऊन लखनौला गेली. मी बाबांना निघताना विनवलं होतं, "तुम्हीच सांगा ना तिला." बाबा म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे." आईला विचारलं तर ती म्हणाली, वन्सं सांगतील ते. म्हणजे सगळं त्या एका बाईच्या डोळ्यांवर होतं, आणि तिला हॉकी आवडत नव्हती.

ती परत आली, पाय धुतले, पाटावर बसून पाणी प्यायली. बाबा खुर्चीत बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हां ताई. काय दिसलं?"

"वरण पातळ आहे," आत्या म्हणाली. "पोळ्या जाड. गाद्यांना ऊन दाखवलेलं नाही. तिथल्या बाई कडक आहेत, पण त्या आल्या तरी मुलींचं हसणं थांबत नाही. मी सगळ्या मुलींची तोंडं बघितली. एकीचे डोळे सुजलेले होते, तिला विचारलं, तर ती म्हणाली, काल हरलो म्हणून. न्हाणीघरं तीन. दोन्हींना कडी आहे. तिसऱ्याची निखळली होती. याला बाजारातून खिळे आणायला लावले आणि ठोकून घेतली."

बाबा स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यावर हातोडीचा काळा डाग होता.

"आणि वाटलं ते?" त्यांनी विचारलं.

आत्याने फुलपात्र खाली ठेवलं. "वाटलं, माझ्या वेळी कुणी असं बघून आलं असतं तर बरं झालं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जा तू."

मी गेले. जाताना रेल्वेत मला अजिबात रडू आलं नाही, उलट खिडकीतून हात हलवून मी मोठ्याने हसत होते. वसतिगृहात पहिल्या संध्याकाळी मुलींनी नाव विचारलं, गाव विचारलं, माझ्या हिंदीची नक्कल केली. जेवायला पातळ वरण होतं. मी ताट ठेवून उठले आणि तिसऱ्या न्हाणीघरात जाऊन दार लावलं. कडी घट्ट बसली. खिळे नवे होते आणि एक जरा वाकडा ठोकलेला होता. तिथे उभी राहून मी पोटभर रडले, आणि कुणालाही दिसलं नाही.